आमच्या दगडाखाली समुद्र होता काय?



उमरगा तालुक्यातील मुरुम हे माझे गाव. तेथे मी शिक्षक असताना एका विद्यार्थ्याने विहिरीच्या खोदकामातून निघालेला एक धोंडा वर्गात आणला होता. काळ्या दगडाच्या खोबणीत पांढरीशुभ्र, टोकदार अशी काही रांग बसलेली होती. "गुरुजी, हे मगरीचे दात आहेत का?" असा त्याचा प्रश्न. मगरीचे नव्हेत, त्याहूनही पुरातन अशा एखाद्या समुद्री सरीसृपाचे असतील, कारण कोणे एके काळी येथे सर्वत्र समुद्रच होता, असे उत्तर मी मोठ्या आत्मविश्वासाने दिले. वर्ग खूष झाला. उत्तर मात्र निराधार होते, आणि पुढे कितीतरी वर्षे मी तेच देत राहिलो. आजचे भाषण ही त्या उत्तराची दुरुस्ती समजावी.

ते दात नव्हतेच. तप्त लाव्हारस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात. पुढे झिरपणाऱ्या पाण्यातील खनिजांचे स्फटिक त्या पोकळ्यांत वाढतात. आमचा काळा पाषाण आणि तो कुजून झालेला मुरूम, दोन्ही अग्नीची संतती होत. अशा रसात हाडे सापडण्याची आशा कोणी धरावी?

ज्या प्राण्यांचे नाव मी तेव्हा इतक्या सहजतेने घेतले, ते होते तरी कसे? प्रथम हे सांगितले पाहिजे की, ते डायनोसॉर नव्हेत. त्यांचे पूर्वज जमिनीवर राहणारे सरीसृप. ते पुन्हा सागरात उतरले. पायांची वल्ही झाली, परंतु कल्ले काही परत आले नाहीत. श्वासासाठी त्यांना पृष्ठभागावर यावेच लागे. इक्थिओसॉर हा बांध्याने डॉल्फिनसारखा. तो अंडी न घालता पिलांना जन्म देई, आणि उदरात पिले असलेल्या माद्यांचे अश्मीभूत सांगाडेही मिळाले आहेत. प्लेसिओसॉरला चार वल्ही, आणि त्यांतील कित्येकांची मान विलक्षण लांब. मोसासॉर हा सरड्या-सापांच्या गणातला, म्हणजे आपल्या घोरपडीचा दूरचा नातलग म्हणावयास हरकत नाही.

हिंदुस्थानात त्यांचे अवशेष मिळत नाहीत असे मुळीच नाही. तामिळनाडूत अरियलूरच्या परिसरातील खडकांतून मिळालेल्या अवशेषांवरून रिचर्ड लायडेकर यांनी १८७९ साली एका इक्थिओसॉरचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु मला खरे नवल वाटले ते कच्छचे. भुजच्या ईशान्येस लोडाई नावाचे खेडे आहे. तेथील खडकातून सुमारे साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट लांबीच्या इक्थिओसॉरचा बराचसा सलग सांगाडा मिळाला. दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. वय सुमारे १५ कोटी वर्षे. दात झिजलेले होते. त्यावरून त्याचे भक्ष्य कठीण असावे असा तर्क निघाला. आज ज्या भूमीवर उंट चरतात, तेथे तेव्हा उथळ सागर होता. मेलेला प्राणी तळाच्या चिखलात पुरला गेला, चिखलाचा दगड झाला, आणि हाडे राहिली.

मग तसा चिखल आमच्या काळ्या दगडाखाली दडलेला असेल काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला फार मोठ्या दुःखातून मिळाले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्री लोक निजले होते, तोच पहाटे भूकंप झाला आणि आमच्या भागातील हजारो माणसे गेली. त्यानंतर भूकंपाचा शोध घेण्यासाठी शेजारच्या लातूर जिल्ह्यात, किल्लारी येथे ६१७ मीटर खोल वेधन करण्यात आले. वरचे ३३८ मीटर काळा पाषाण. त्याखाली गाळाचा थर अवघा ८ मीटर. आणि त्याखाली एकदम पृथ्वीच्या बाल्यातील, अडीचशे कोटी वर्षांहूनही जुना, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. या दोहोंमधील अफाट काळाच्या वाट्याला आठ मीटर! यावरून येथे समुद्र कधीच नव्हता असे ठरत नाही. त्याने ठेवलेला गाळ पुढे वाहूनही गेला असेल. परंतु "सर्वत्र समुद्रच होता" असे सांगण्याचा अधिकार मला नव्हता, एवढे निश्चित ठरते.

मात्र आमच्या दगडाचा या सागरी प्राण्यांशी संबंधच नाही, असेही नव्हे. दख्खनचा लाव्हा वाहिला तो सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांच्या मागेपुढे, आणि शेवटचे प्लेसिओसॉर व मोसासॉर नष्ट झाले तेही त्याच सुमारास. त्याच काळी मेक्सिकोच्या युकातान भागात एक प्रचंड अशनी आदळला. बहुतेक शास्त्रज्ञ मुख्य दोष त्या अशनीस देतात. दख्खनच्या ज्वालामुखींतून निघालेल्या वायूंनी हवामान बिघडवून त्यास कितपत हातभार लावला, यावर वाद चालू आहे. म्हणजे मोसासॉर दूरच्या सागरात पोहत असताना आमच्या विहिरींचे दगड येथे थिजत होते. इक्थिओसॉरांच्या बाबतीत मात्र आमचा दगड सर्वस्वी निर्दोष आहे. ते त्यापूर्वीच, सुमारे ९ कोटी वर्षांमागे, नाहीसे झाले होते.