डार्ट गनमधलं अंतर आणि कोन: वाघाला बेशुद्ध करण्यामागचं गणित

बाभुळगावहून कळंब ओलांडलं की राळेगाव तालुका लागतो. तिथल्या बोराटीच्या जंगलात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री टी-१ म्हणजे अवनी वाघीण गोळीने मारली गेली. १३ लोकांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलं गेलं होतं. आदेश होता की आधी बेशुद्ध करा, ते जमलंच नाही तर गोळी. तिच्या शरीरावर सापडलेला डार्ट खरंच बंदुकीतून सुटला होता का, यावर नंतर बरेच प्रश्न उठले. त्या वादात न पडता एवढंच बघू की डार्ट मारणं इतकं अवघड का असतं. (शिकारीसाठी हे वाचत असाल तर आत्ताच सांगतो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती गुन्हा आहे.)

रायफलची गोळी सेकंदाला साधारण ८०० मीटर जाते. ४० मीटरवर पोचेपर्यंत ती जेमतेम सव्वा सेंटीमीटर खाली येते. डार्ट म्हणजे उडती सिरिंज. तिचा वेग ६० मीटर धरला आणि हवेचा विरोध सोडून दिला, तर ३० मीटरवर ती १.२ मीटर खाली येते आणि ४० मीटरवर २.२ मीटर! म्हणजे अंदाज १० मीटरने चुकला की डार्ट जवळजवळ एक मीटर वर किंवा खाली. वाघ स्वतःच खांद्यापाशी साधारण तेवढा उंच असतो.

बरं, नुसता नेम वर धरून भागत नाही. गॅसवर चालणाऱ्या डार्ट गनमध्ये अंतर बघून प्रेशर सेट करावं लागतं. कमी पडलं तर डार्ट आधीच जमिनीत. जास्त झालं आणि जनावर जवळ असलं, तर सुई मांसात खोल घुसते, हाडही मोडू शकतं.

म्हणून लेझर रेंजफाइंडर वापरतात. प्रकाश ४० मीटर जाऊन परत यायला सुमारे २६७ नॅनोसेकंद लागतात, त्यावरून अंतर निघतं. गोची एकच: मध्ये तुरीचं झाड किंवा उंच गवत आलं तर आकडा त्याचाच येऊ शकतो.

आता कोन. उतारावरून ३० अंश खाली नेम धरला आणि सरळ रेषेतलं अंतर ४० मीटर असलं, तर नेमासाठी आडवं अंतर धरायचं: ४० × कोसाइन ३०, म्हणजे ३४.६ मीटर. तसं केलं नाही तर डार्ट साधारण ३० सेंटीमीटर वरून जातो. गंमत म्हणजे वर नेम धरला तरी चूक त्याच बाजूला होते. पण ५ मीटर उंच मचाणावरून ४० मीटरवरचा कोन जेमतेम ७ अंश भरतो, तिथे फरक नगण्य. माझ्या मते आपल्या सपाट भागात कोनापेक्षा अंतरच जास्त दगा देतं.

हे फोनवर जमेल का? कोन जमेल, ॲक्सेलरोमीटर असतोच. आयफोन प्रोमधला लायडार मात्र ५ मीटरच्या आसपासच चालतो. मग कोनावरून अंतर काढू म्हणाल, तर गच्चीवर करून बघा. फोन जमिनीपासून ६ मीटर उंच धरला आणि समोरच्या लिंबाच्या बुंध्याशी १० अंशांचा कोन आला, तर अंतर ३४ मीटर. हात थोडा हलून ९ अंश आला की तेच ३८. घरी चालेल, वाघासमोर नाही.