लोणी ते ऐरोली : महाराष्ट्रातील गुणात्मक संशोधनपद्धतीच्या अध्ययनाचा मागोवा

प्रस्तावना

सामाजिक शास्त्रांतील संशोधनाचे संख्यात्मक व गुणात्मक असे दोन भाग पाडण्याची प्रथा पाठ्यपुस्तकांतून रूढ झाली आहे. पहिले संशोधन 'किती' हे सांगते आणि दुसरे 'कसे' व 'का' याचा शोध घेते, एवढ्या एका वाक्यावर पदव्युत्तर वर्गातील हा विषय पुष्कळदा संपतो. त्यानंतर ग्लेझर व स्ट्रॉस यांचा १९६७ मधील ग्रंथ, क्लिफर्ड गीर्ट्झ यांचे १९७३ मधील सघन वर्णनाचे प्रतिपादन अशी नावे येतात आणि ही पद्धती परदेशातून तयार स्थितीत येथे आली, असा विद्यार्थ्याचा समज होतो. महाराष्ट्राच्या बाबतीत हा समज अपुरा आहे. गावात जाऊन राहणे, माणसांशी बोलणे, बोललेले टिपून ठेवणे आणि त्यातून समाजाविषयी काही म्हणणे मांडणे, हे काम येथे त्याला शास्त्रीय नाव मिळण्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. ते कोणी केले, कोणाकडून शिकले आणि आज ते कसे शिकवले जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात ऐरोली परिसराच्या संदर्भात केला आहे.

लोणीची नोंद आणि गावगाडा

पेशवाईच्या अस्तानंतर लगेचच थॉमस कोट्स या कंपनीच्या सेवेतील डॉक्टरने पुणे–नगर रस्त्यावरील लोणी या गावाची पाहणी केली. तिचे टिपण १८२० मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे वाचले गेले व १८२३ मध्ये प्रसिद्ध झाले. गावातील घरे, पिके, वतनदार, अन्न, वस्त्र आणि कर्ज यांची त्यात नोंद आहे. ही पाहणी राज्यकर्त्याच्या दृष्टीतून झाली, हे उघड आहे; नव्याने हाती आलेला मुलूख समजून घेण्याची ती निकड होती. तरीही एका गावाचे इतके बारकाईने केलेले वर्णन त्या काळात दुर्मीळ होते. पुढे डॉ. गो. स. घुर्ये यांनी हेच गाव पुन्हा अभ्यासासाठी निवडले आणि १९६० मध्ये लोणीकंदविषयीचा आपला ग्रंथ सिद्ध केला. जुन्या नोंदीकडे परत जाऊन त्याच भूमीवर नवे प्रश्न विचारण्याचे हे उदाहरण संशोधनपद्धतीच्या वर्गात आवर्जून सांगावे असे आहे. दुर्दैवाने ते क्वचितच सांगितले जाते.

दरम्यान मराठीत त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्रे हे विद्यापीठीय संशोधक नव्हते. महसुली कामकाजाच्या निमित्ताने खेड्यांशी आलेला दीर्घ संबंध हेच त्यांचे क्षेत्रकार्य. बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते, जत्रा, सण यांविषयीची त्यांची मते आजच्या वाचकास अनेक ठिकाणी खटकतील. परंतु व्यवहारातील शब्द जसेच्या तसे नोंदवण्याची त्यांची शिस्त अनुकरणीय आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागर आणि १९२१ मध्ये ना. वि. कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुक या गावांचे अभ्यास प्रसिद्ध केले, ते जमिनीचे तुकडे व कर्ज यांच्या आकड्यांवर उभे आहेत. आत्रे आणि मान एकाच दशकात, एकाच मुलखात काम करीत होते. दोघांची पुस्तके शेजारी ठेवून वाचली असता गुणात्मक व संख्यात्मक यांतील फरक कोणत्याही व्याख्येपेक्षा लवकर कळतो.

विद्यापीठ आणि क्षेत्रकार्य

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखाली सुरू झाला. १९२४ मध्ये त्याची सूत्रे घुर्ये यांच्याकडे आली. घुर्ये यांचा स्वतःचा पिंड ग्रंथाभ्यासाचा, संस्कृतज्ञाचा. मात्र विद्यार्थ्यांना त्यांनी प्रत्यक्ष समाजात पाठविले. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, आय. पी. देसाई, य. भा. दामले ही नावे या परंपरेतील आहेत. तेथे आजच्या अर्थाने संशोधनपद्धतीची प्रश्नपत्रिका नव्हती. विषय देणे, विद्यार्थ्यास पाठविणे आणि परत आल्यावर त्याचे लेखन कठोरपणे तपासणे, अशी ती गुरुशिष्य पद्धत होती. तिच्यात गुण होते, तसा मोठा दोषही होता : गुरूने जे तपासले नाही, ते शिष्याकडून सुटत असे.

इरावती कर्वे यांनी १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम केले. त्यांचे बर्लिन येथील शिक्षण शरीरमापनाचे होते आणि मापनाची ही सवय पुढेही टिकली. तथापि त्यांचे जे लेखन पद्धतीच्या दृष्टीने सर्वाधिक बोलके आहे, ते पंढरीच्या वारीवरील होय. १९६२ मध्ये ते इंग्रजी संशोधनपत्रिकेतही आले. दिंडीबरोबर पायी चालत असताना एकाच दिंडीतील ब्राह्मण व मराठा मंडळी वेगवेगळे शिजवतात व वेगळे जेवतात, हे त्यांनी टिपले आणि त्याने आपण अस्वस्थ झालो, हेही लपविले नाही. निरीक्षक हा निरीक्षणाचाच भाग असतो, हे तत्त्व मांडण्यासाठी नंतरच्या पाठ्यपुस्तकांना प्रकरणे लागली. कर्वे यांनी ते चालता चालता दाखवून दिले. वारीची प्रश्नावली भरून घेतली असती, तर 'दिंडीत भेदभाव आहे काय?' या प्रश्नाला बहुधा एकमुखी 'नाही' असेच उत्तर आले असते.

कर्वे व जाई निंबकर यांचा कोयना धरणग्रस्तांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. विस्थापितांचे पुनर्वसन प्रत्यक्षात कसे घडले, हे पाहण्याचा तो महाराष्ट्रातील आरंभीचा प्रयत्न होय. राज्याचा प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा त्यानंतर, १९७६ मध्ये आला.

व्यावसायिक कामासाठी याच कौशल्याचे शिक्षण मुंबईत वेगळ्या वाटेने सुरू झाले. क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये स्थापन झालेल्या समाजकार्याच्या पदव्युत्तर संस्थेत (आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) व्यक्तिसहाय्य, मुलाखत, गृहभेट आणि त्यांचे लेखी अहवाल हे अभ्यासाचे अंगच होते. रुग्णालय, कारखाना वा वस्तीत काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्याला ऐकण्याचे व टिपण्याचे शिक्षण मिळे. मात्र त्याच्या अहवालाला 'संशोधन' म्हणण्यास विद्यापीठीय जग फारसे तयार नव्हते.

विद्यापीठाबाहेरील शाळा

या इतिहासातील सर्वात समृद्ध भाग विद्यापीठाबाहेर घडला, असे म्हणावे लागते. हेमा राईरकर व गी पोत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या जमविल्या. हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा व हजाराहून अधिक गावांतील आहे. संकलन करणाऱ्यांत त्याच भागातील कार्यकर्ते होते. बाहेरून आलेल्या अभ्यासकाला जे ऐकू येत नाही, ते गावच्याच माणसाला ऐकू येते, ही गोष्ट येथे सिद्ध झाली.

ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचा 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ मध्ये आला. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या सहभागाचा हा शोध आहे. कागदपत्रांत या स्त्रियांची नावे फारशी नव्हती. म्हणून लेखिकांनी त्यांना शोधून काढले, त्यांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. ग्रंथाचा एक भाग चळवळीचा इतिहास मांडतो, तर दुसऱ्यात या स्त्रियांचे जीवनकथन आहे. मौखिक साधनांवर आधारित इतिहासलेखनाचे याहून चांगले मराठी पाठ्यपुस्तक आढळत नाही. पण ते पाठ्यपुस्तक म्हणून लिहिलेले नसल्याने संशोधनपद्धतीच्या वाचनसूचीत त्याचा समावेश सहसा होत नाही. मीना मेनन व नीरा आडारकर यांचा गिरणगावाचा मौखिक इतिहास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगारांच्या कथनातून गिरणगाव समजून घेण्याचे ते मोलाचे काम आहे.

नियमावलीतील मौन

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने एम. फिल. व पीएच. डी. साठी किमान एका सत्राचे अभ्यासकार्य अनिवार्य केले. संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात काय असावे हे सांगताना तीत संख्यात्मक पद्धती व संगणकाचा वापर यांचा नामनिर्देश होता. २०१६ च्या नियमावलीने त्यांत संशोधननीतीची भर घातली. गुणात्मक पद्धतीचे नाव कोठेही नव्हते. अर्थात तिला मनाईही नव्हती. परंतु अभ्यासमंडळे नियमावलीतील शब्दांवर चालतात. परिणामी मुलाखतीवर प्रबंध लिहू इच्छिणारा विद्यार्थी प्रमाण विचलन शिकला आणि मुलाखत कशी घ्यावी हे मात्र स्वतःच चाचपडत राहिला. २०२२ च्या नियमावलीने एम. फिल. पदवीच बंद केली. महाविद्यालयीन शिक्षकांसाठी वर्षा-दोन वर्षांचे छोटे, मर्यादित क्षेत्रकार्य करून चुकण्याची व सुधारण्याची जी सोय होती, ती तिच्याबरोबर गेली. या हानीची चर्चा जितकी व्हावयास हवी होती, तितकी झाली नाही.

ऐरोलीचे क्षेत्र

ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्टा आणि १९७० मध्ये स्थापन झालेली सिडको यांच्यामुळे ऐरोली, दिवा, राबाडे, गोठिवली या गावांची भूमी नगराखाली आली. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनींचे संपादन ठरले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात उरण तालुक्यातील जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. १९९९ मध्ये ऐरोलीचा खाडीपूल आणि २००४ मध्ये ठाणे–वाशी लोहमार्ग सुरू झाला. माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या राहिल्या. हा इतिहास शासकीय कागदांत क्षेत्रफळ, मोबदला व भूखंड क्रमांक यांच्या रूपाने शिल्लक आहे.

गावठाणातील आगरी वा कोळी कुटुंबाकडे प्रश्नावली घेऊन गेल्यास 'व्यवसाय' या एका चौकटीपाशीच अडचण सुरू होते. वडील खाडीत जाळे टाकतात, आई मासळी विकते, मुलगा कंत्राटी नोकरीत आहे आणि तळमजला भाड्याने दिला आहे, अशा घराचा व्यवसाय कोणता? संशोधकाने यांतील एक निवडले, की कुटुंबाने जमीन गेल्यानंतर उभी केलेली सारी जुळवाजुळव त्या चौकटीतून निसटते. तीच गोष्ट भाषेची. आगरी बोलीतील कथन प्रमाण मराठीत उतरवून, पुढे इंग्रजीत नेऊन त्याचे संकेतन केले, तर खाडी, भरती, खाजण व मिठागर यांविषयीचे सूक्ष्म शब्द दोन पायऱ्यांतच सपाट होतात. मूळ बोलीतील लेख जवळ ठेवणे हा म्हणूनच विश्लेषणाचा भाग मानला पाहिजे.

संमतीपत्राचा प्रश्न आणखी नाजूक आहे. संशोधननीतीचा अभ्यासक्रम उत्तरदात्याची लेखी स्वाक्षरी मागतो. ज्या गावांत कागदावरील सही वा अंगठा आणि जमीन जाणे यांचे नाते दोन पिढ्यांच्या आठवणीत आहे, तेथे मुलाखतीच्या आरंभीच सहीसाठी कागद पुढे करणे म्हणजे बोलणे थांबविणे होय. अशा ठिकाणी हेतू त्यांच्या बोलीत सांगून तोंडी संमती ध्वनिमुद्रित करणे, नाव व भूखंडाचा तपशील वगळणे आणि लिहिलेले मजकूर घरी परत नेऊन वाचून दाखविणे, हा मार्ग उपलब्ध आहे. महाविद्यालयातील पदवीच्या विद्यार्थ्यांनाही तो एका सत्रात, आपल्याच गल्लीतील एखाद्या आजीची मुलाखत घेऊन, शिकता येतो.