रेषा ओढण्याचा खेळ आणि कृष्णाकाठची आगगाडी

१/ २००६ साली स्लोव्हेनियातील बोश्त्यान चादेझ या विद्यार्थ्याने ‘लाइन रायडर’ हा संगणकीय खेळ रचला. खेळाडूने पडद्यावर रेषा ओढायची आणि घसरगाडीवरचा स्वार गुरुत्वाकर्षणाच्या नियमांनुसार तिच्यावरून धावणार. उतार चुकला, की स्वार कोसळलाच! असाच डाव १८८० च्या दशकात सातारा-सांगलीच्या भूमीवर मांडला गेला होता.

२/ १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर धान्य वेळेत पोहोचवणाऱ्या लोहमार्गांची निकड सरकारला पटली. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि पुणे-मिरज-लोंढा मीटर गेज मार्ग आकारास आला.

३/ लोखंडी चाक व लोखंडी रूळ यांतील घर्षण अत्यल्प असते. म्हणून सपाटीवर गाडी प्रचंड ओझे सहज ओढते. मात्र चढावर चाके जागीच घसरू लागतात. शंभर फुटांमागे एक फूट चढही इंजिनाला जड जातो. म्हणूनच नीरा ओलांडून आदर्कीचा घाट चढताना हा मार्ग वळसे घेतो. अंतर वाढते, पण चढ सौम्य होतो.

४/ पुढे हा मार्ग कृष्णेच्या डाव्या तीरानेच उतरतो. पुण्याहून मिरजेपर्यंत तो कृष्णा एकदाही ओलांडत नाही! पण सातारा आणि कराड ही शहरे नदीच्या पलीकडे. त्यामुळे दोन्ही स्थानके आजही गावापासून दूर आहेत.

५/ मग गावे रुळांकडे आली. कराड स्थानकाजवळ काचकारखान्याची ओगलेवाडी वसली. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना उभारला, तीच किर्लोस्करवाडी.

६/ सांगली तर नदीच्या अलीकडे, तरीही जुना मार्ग माधवनगरवरून परस्पर मिरजेला गेला. अखेर संस्थानाने १९०७ मध्ये मिरजेपर्यंत स्वतःचा छोटा फाटा सुरू केला. ब्रॉडगेज झाल्यावरच मुख्य मार्ग सांगलीत आला.

७/ खेळातली रेषा चुकली तर पुसता येते. जमिनीवरची रेषा मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते. कोणत्या माळावर धुराडे उभे राहील आणि कोणत्या शहराला स्थानकासाठी टांगा करावा लागेल, हे ती ठरवते. आपल्या गावाचे स्थानक दूर का, हा प्रश्न पडला तर नकाशात आधी नदी आणि चढ शोधा. पुष्कळदा उत्तर तिथेच सापडते.