दृष्टिपटल-शीर अवरोधावरील शस्त्रक्रिया

दृष्टिपटलातील तुंबलेल्या शिरेवरचा (नीलेवरचा) दाब कमी करण्यासाठी डोळ्याच्या आत केली जाणारी शस्त्रक्रिया. ज्या छिद्रातून दृक्-तंत्रिका डोळ्याबाहेर पडते ते जेमतेम १.५ मिमी. रुंद असते, त्यातच सु. १२ लक्ष तंतू, मध्यवर्ती रोहिणी व नीला दाटीने बसतात. शाखांच्या छेदस्थानी रोहिणी व नीला यांचे बाह्य आवरण सामाईक असते. उच्च रक्तदाबाने कठीण झालेली रोहिणी तेथे मऊ नीलेला दाबते, रक्त साकळते, पीतबिंदू सुजतो आणि दृष्टी अंधुक होते (→ डोळा, रक्तदाब).

रॉबर्ट मॅकेमर यांनी १९७० च्या सुमारास काचजलछेदन (डोळ्याच्या पोकळीतील काचजल काढण्याची शस्त्रक्रिया) रूढ केल्यावर असे उपचार शक्य झाले. शाखा-नीलेच्या अवरोधात काचजल काढून सामाईक आवरण सूक्ष्म पात्याने कापतात व रोहिणी नीलेपासून अलगद सुटी करतात. ऑस्टरलो व चार्ल्स यांनी १९८८ मध्ये ही पद्धत मांडली. मध्यवर्ती नीलेच्या अवरोधासाठी, अरुंद छिद्रातील दाटी कमी व्हावी म्हणून, ऑप्रेमकाक यांनी २००१ मध्ये दृक्-तंत्रिकेच्या नाकाकडील कडेला अरीय छेद सुचविला. या छेदाने तंतूंना इजा होऊन दृष्टिक्षेत्र घटू शकते. रोहिणी नजीक असल्याने रक्तस्रावाचाही धोका असतो.

वाहिनीवृद्धी रोखणारी इंजेक्शने रूढ झाल्यापासून, म्हणजे साधारण २०१० नंतर, या दोन्ही शस्त्रक्रिया क्वचितच होतात. काचजलात न विरणारा रक्तस्राव किंवा दृष्टिपटल ओढले जाणे यांसाठी मात्र काचजलछेदन आजही आवश्यक ठरते (→ काचबिंदू, मधुमेह, लेसर).