बैल, घोडा आणि शेळी

तुळजापुरात माझे झेरॉक्सचे दुकान आहे. बारावीचा निकाल लागला की मुले प्रवेशाचे अर्ज भरायला माझ्याकडेच येतात. यंदा आमच्या गल्लीतली एक मुलगी 'नीट'चे गुणपत्रक घेऊन आली. गुण बरे होते, पण एमबीबीएसला पुरणारे नव्हते. पशुवैद्यकाचा अर्ज उघडला तसे तिने विचारले, "काका, ढोराच्या डॉक्टरला पगार माणसाच्या डॉक्टरएवढा असतो का?" शेजारी तिचे वडील उभे होते. "पगाराचं नंतर बघू," ते म्हणाले, "पण ढोर डॉक्टर म्हणल्यावर लोक हसतेत, त्याचं काय?"

माझे शिक्षण दहावीपुढे गेले नाही. जुने अहवाल आणि गॅझेटिअर वाचण्याचा नाद मात्र पंचवीस वर्षांचा आहे. पगाराचा आकडा मी तिला लगेच दाखवला. तो आकडा तिथवर कसा पोचला, हे शोधण्यात पुढचे चार महिने गेले.

मुंबईत परळला जनावरांचे एक जुने रुग्णालय आहे. कागदोपत्री त्याचे नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. लोकांच्या तोंडी ते 'बैलघोडा'. नाव लोकांनी ठेवले आणि अचूक ठेवले. १८७४ पासून १९०५ पर्यंत मुंबईच्या ट्राम घोडे ओढत होते आणि बंदरावरचा माल बैलगाड्यांतून गावात येत होता. शहर चालायचे ते या दोन जनावरांवर. १८८६ मध्ये याच आवारात मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील हे लष्करी पशुवैद्य होते. हा योगायोग नव्हे. त्याआधी १८६२ मध्ये पुण्यात निघालेली पशुवैद्यकाची शाळाही लष्कराचीच होती. घोडदळाचा घोडा लंगडला तर साम्राज्य लंगडते, म्हणून घोड्याला डॉक्टर आधी मिळाला.

बैलाकडे सरकारचे लक्ष गेले ते बुळकांडीमुळे. गुरांच्या साथींचा शोध घ्यायला नेमलेल्या हॅलन आयोगाचा अहवाल १८७१ चा. १८८९ मध्ये पुण्यात जीवाणूशास्त्राची शाही प्रयोगशाळा निघाली. ती १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. बैल मेला की नांगर थांबतो, आणि नांगर थांबला की सारावसुली थांबते. एवढा हिशेब कोणत्याही कलेक्टरला कळत होता. नव्वदच्या दशकात मुलकी पशुवैद्यक खाते उभे राहिले. त्याच्या वरच्या जागा विलायतेतून पदवी आणणाऱ्या गोऱ्यांच्या. मुंबईची पदविका घेतलेला देशी माणूस नावापुढे 'जी.बी.व्ही.सी.' अशी अक्षरे अभिमानाने लावायचा, पण नोकरीत तो व्हेटरनरी असिस्टंट. विलायतेला जाण्याइतका पैसा नसेल, तर त्या हुद्द्यावरच बहुतेकांचे आयुष्य सरायचे. 'ढोर डॉक्टर' या शब्दातला हलकेपणा जातिव्यवस्थेतून आला हे खरेच, पण थोडा या सरकारी उतरंडीतूनही आला असावा, असे मला वाटते.

आमचा मुलूख या साऱ्याच्या बाहेर होता. तुळजापूर निजामाच्या राज्यात. सोलापूर इथून पंचेचाळीस किलोमीटर, पण ते ब्रिटिश हद्दीत. हैदराबाद संस्थानात पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९४६ साली, आणि दोनच वर्षांत ते राज्यच संपले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. परभणीचे महाविद्यालय १९७२ चे, म्हणजे दुष्काळाच्याच वर्षाचे. उदगीरचे १९८७ चे. १८८६ ते १९८७, परळहून निघालेली ही विद्या आमच्या बाजूला यायला एकशे एक वर्षे लागली.

उदगीरचे नाव मी मुद्दाम घेतो. उस्मानाबादी शेळीचे मूळ क्षेत्र पुस्तकांत लातूर, तुळजापूर आणि उदगीर असे दिलेले असते. जिल्ह्याचे नाव आता धाराशिव झाले, शेळीचे मात्र उस्मानाबादीच राहिले. बहुतेक काळी, काटक, एका वेताला जुळी देणारी. नवरात्रात देवीपुढे अजाबळी होतो तो याच मातीत, आणि बकरी ईदच्या आधी इकडचे बोकड ट्रकने देवनारच्या बाजारात जातात. भूमिहीनाच्या दारातली बँक म्हणजे ही शेळी. आणि डॉक्टरच्या दृष्टीने पाहिले तर सगळ्यात वाईट गिऱ्हाईकही हीच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमची एक शेळी अडली. पिलू आडवे आले होते. रात्रीचे दहा वाजलेले. डॉक्टर आणायचा तर जीपचे भाडे, फी, औषध. वडिलांनी ओसरीत बसून बोटांवर हिशेब केला आणि शेळीची किंमत कमी भरली. आई काही बोलली नाही. पहाटे खाटीक आला. वडील निर्दय नव्हते. तीच रात्र माझ्या धाकट्या भावाच्या तापाची असती, तर त्यांनी रान विकले असते.

या धंद्याच्या कमाईचे मूळ मला त्या ओसरीत दिसते. माणसाला बाजारभाव नसतो, म्हणून त्याच्या डॉक्टरच्या फीला वरची हद्द नसते. जनावराला भाव असतो, आणि फी त्या भावापलीकडे जाऊ शकत नाही. घोड्याला लष्कराचा भाव होता. आज संकरित गाईला दुधाचा भाव आहे, म्हणून कोल्हापूर-संगमनेरकडे खासगी डॉक्टरचे बरे चालते. पुण्या-मुंबईत कुत्र्यामांजरांचे दवाखाने चालतात, कारण तिथे भाव मायेचा असतो. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा सरकारनेच भाव लिहून दिला: दुभती गाय ३० हजार, बैल २५ हजार, वासरू १६ हजार. शेळीवर मात्र कुठल्याच डॉक्टरचा संसार चालत नाही.

हा हिशेब मोडतो तो फक्त पगारी डॉक्टर. बुळकांडीचेच पाहा. १९५४ मध्ये देशभर निर्मूलनाची मोहीम निघाली, सरकारी माणसे गोठ्यागोठ्यांत लस टोचत फिरली, शेवटचा रोगी १९९५ मध्ये दिसला आणि २०११ मध्ये जगातून हा रोग गेल्याची घोषणा झाली. शेतकऱ्याच्या फीवर हे काम सोडले असते तर बुळकांडी आजही आपल्यात असती.

पगाराची लढाई मात्र लांबली. केंद्रात पशुवैद्याची पहिली पायरी माणसाच्या डॉक्टरपेक्षा खालची होती. ती बरोबरीला आली पाचव्या वेतन आयोगात, १९९७ च्या सुमारास: दोघांनाही ८,००० ते १३,५००. आज महाराष्ट्रात पशुधन विकास अधिकारी, गट-अ याची वेतनश्रेणी ५६,१०० ते १,७७,५००; सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचीही तीच. मुलीला मी दाखवला तो आकडा हा.

पण आकडा सारखा झाला म्हणून जागा भरल्या असे नाही. १९८४ च्या कायद्याने जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पदवीधरांना दिला आणि किरकोळ उपचारांसाठी एक दार किलकिले ठेवले. त्या दारातून खेड्यांतले श्रेणी-२ चे दवाखाने चालत आले. तिथे पदवीधर डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक. आपल्या राज्यात अशा दवाखान्यांची संख्या श्रेणी-१ पेक्षा जास्त होती. या पर्यवेक्षकांनी गावे सांभाळली, त्यांच्याविषयी वावगे बोलण्याचा मला अधिकार नाही. प्रश्न एवढाच, की अडलेल्या शेळीचे पोट फाडून पिलू काढायचे असेल तर ते कोणी? २०२५ मध्ये लोकसेवा आयोगाने पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या २,७९५ जागांची एकच जाहिरात काढली. एका फटक्यात एवढ्या जागा निघतात, तेव्हा त्या किती वर्षे साचल्या असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा.

हे सगळे मी त्या मुलीला सांगितले. साडेपाच वर्षे शिकावे लागेल, त्यातले शेवटचे प्रत्यक्ष कामाचे; पुढे बढती मिळून सहायक आयुक्त, उपायुक्त होता येते, पण त्या जागा थोड्या; आणि इथेच खासगी दवाखाना टाकला तर शेळ्यांवर पोट भरणार नाही, हेही. ती ऐकत होती. तिच्या घरी सात शेळ्या आहेत.

वडिलांनी विचारले, "मंग सरकारी नोकरीच धरावी लागंल म्हना की."

"हो," मी म्हणालो.

महाविद्यालयांचे पसंतिक्रम भरायची वेळ आली. मी सवयीने पहिल्या ओळीत मुंबई टाकायला गेलो, तर तिने कळफलक आपल्याकडे ओढला आणि उदगीर निवडले.