मेलेल्याची बाजू कोण मांडणार?

पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या भागांतल्या यात्रा कमिट्यांची माणसं येतात, फडमालकांशी घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. नारायणगावाला अगदी खेटून असलेल्या वारूळवाडीला हा बाजार पिढ्यान् पिढ्या अंगवळणी पडलेला. बिदागीचं ठरलं की पुढचा प्रश्न वगाचा. गण, गवळण, बतावणी झाली तरी रात्र जागवतो तो वगच, आणि गाजलेल्या वगांत रक्तपात, दगाफटका, विषप्रयोग आणि शेवटी होणारा न्यायनिवाडा यांचा भरणा मोठा.

आज घरोघरी मोबाइलवर खुनाच्या खटल्यांच्या माहितीपट मालिका पाहिल्या जातात आणि तिसरा भाग संपेपर्यंत घरातल्या प्रत्येकाने आपला निकाल दिलेला असतो. ही सवय नवी मानली जाते, पण या मुलखाला ती जुनीच आहे.

‘मोहना-बटाव’ हा 1865 च्या सुमाराचा वग पहिला वग मानला जातो. तेव्हापासून वगाला लिखित संहितेचा जाच फारसा नव्हता. कथानक ठरलेलं असायचं, संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचायचे. त्यामुळे समोरचा प्रेक्षक कुठे चिडतो, कुठे हळहळतो हे पाहून प्रसंग लांबायचा किंवा आटपायचा. काळू-बाळूंच्या ‘जहरी प्याला’तले जुळे हवालदार लोकांना पाठ होते. कायद्याच्या माणसाला हसण्याची मुभा या रंगमंचावर होती. गुन्हेगाराला नायक करण्याचीही होती. सांगली भागातल्या बापू बिरू वाटेगावकराच्या नावावर खून होते, त्याला जन्मठेपही झाली, पण वगाने त्याला गोरगरिबांचा वाली म्हणूनच उभं केलं. कोर्टाच्या लेखी तो आरोपी होता. कनातीच्या आत तो निर्दोष सुटत होता.

शहरी नाटकमंडळींनी हेच काम वेगळ्या रीतीने केलं. 1875 मध्ये बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप आला. चौकशीसाठी सहा जणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. बचावाला लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित वकील आणला गेला. इंग्रज सभासदांना महाराज दोषी वाटले, हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झालेला वाटला नाही. सरकारने महाराजांना पदच्युत केलंच. त्याच वर्षी नारायण बापूजी कानिटकरांनी मल्हाररावांवर नाटक लिहिलं. पुढच्या वर्षी, 1876 मध्ये, नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा आला. त्याचं तात्कालिक कारण कलकत्त्याची नाटकं होती, पण नाटकगृहात जमलेला समुदाय स्वतःचा निकाल देतो ही सरकारची भीती बडोद्याच्या प्रकरणालाही लागू पडत होती.

पन्नास वर्षांनी सिनेमाची पाळी आली तेव्हा त्यानेही उशीर केला नाही. 12 जानेवारी 1925 रोजी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा मोटारीत खून झाला. त्याच्यासोबत इंदूर दरबारातून निघून आलेली मुमताज बेगम होती. तिला पळवून नेण्यासाठी हल्ला झाला होता. खटला गाजला, एका आरोपीच्या बचावाला बॅरिस्टर जिना उभे राहिले, आणि पुढच्या वर्षी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. कोहिनूर कंपनीचा ‘कुलीन कांता’ हा मूकपट तर खुनाच्याच वर्षी, 1925 मध्ये, या प्रकरणावरून निघाला. प्रेक्षकांचं सगळं लक्ष दरबारावर आणि मुमताजवर होतं. बावला हा त्या गोष्टीत जेमतेम निमित्तापुरता उरला.

पुढच्या मोठ्या खटल्यात हे आणखी उघडं पडलं. 27 एप्रिल 1959 रोजी नौदलाचे कमांडर नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. रूसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू इतकी लावून धरली की पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला गेल्याचं सांगतात. कोर्टाबाहेर गर्दी लोटायची. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. आहुजाच्या बाजूने लिहिणारं असं वजनदार साप्ताहिक नव्हतं. त्याची आठवण राहिली ती गोळ्या लागल्या तेव्हा अंगावर असलेल्या टॉवेलपुरती, त्याच्या नावाने बाजारात टॉवेल विकले गेल्याच्या किश्शापुरती.

1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागा उरली नाही. कोर्टातून ज्युरी उठली ती प्रेक्षागृहात येऊन बसली, असं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर तीनच वर्षांत पुणे हादरलं. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात अभिनव कला महाविद्यालयातल्या तरुणांच्या टोळक्याने दहा जणांचे गळे आवळले. विजयानगर कॉलनीतलं जोशी कुटुंब, भांडारकर रस्त्यावरचं अभ्यंकर कुटुंब, त्यांच्याकडची मोलकरीण, ओळखीपाळखीची तरुण मुलं यात गेली. आणीबाणीच्या त्या दिवसांत पुण्यात तिन्हीसांजेलाच कड्या लागू लागल्या. टोळीतलाच एक जण माफीचा साक्षीदार झाला. सत्र न्यायालयाने सप्टेंबर 1978 मध्ये राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा यांना फाशी सुनावली. 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात शिक्षा अमलात आली.

लोकांच्या तोंडी हा खटला ‘जोशी-अभ्यंकर’ म्हणून रूढ झाला होता, म्हणजे गेलेल्यांच्या नावाने. पडद्याने हळूहळू तो मारेकऱ्यांकडे सरकवला. मुनव्वर शहाचं आत्मकथन पुस्तकरूपाने आलं. 1986 च्या ‘माफीचा साक्षीदार’ या चित्रपटात नाना पाटेकरांनी टोळीच्या म्होरक्याची भूमिका केली आणि ती नजर प्रेक्षकांच्या लक्षात राहिली. पुढे विवेक वाघ यांनी या प्रकरणावर माहितीपट केला, त्याला 67 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट शोधपटाचा मान मिळाला. त्याचं नाव ‘जक्कल’.

दिग्दर्शकांना बोल लावून भागणार नाही. मारेकऱ्याची कहाणी मिळते, कबुलीजबाब मिळतो, कधी आत्मचरित्रही मिळतं. गळा आवळलेल्या माणसाकडून यातलं काहीच मिळत नाही. प्रेक्षकही विचारतो ते ‘त्याने असं का केलं’ हेच, आणि त्या प्रश्नाचं उत्तर आरोपीकडेच असतं.

नव्या मालिकांनी यात भर घातली आहे. शीना बोरा हिचा खून 2012 चा, अटका 2015 च्या. या खटल्यातली आरोपी इंद्राणी मुखर्जी हिच्यावरची नेटफ्लिक्सची मालिका 2024 च्या फेब्रुवारीत यायची होती, तेव्हा खटला चालू असल्याचं कारण देत सीबीआयने ती थांबवण्याची मागणी केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी आधी मालिका स्वतः पाहिली, आक्षेपार्ह काही आढळलं नाही आणि 29 फेब्रुवारीला ती दाखवली गेली. 1876 मध्ये सरकारने प्रेक्षकाची धास्ती घेऊन कायदा केला, 2024 मध्ये न्यायमूर्ती आधी प्रेक्षक झाले आणि मग त्यांनी परवानगी दिली. हा बदल चांगला आहे.

प्रेक्षक मात्र तितका बदललेला नाही. आरोपी स्वतः कॅमेऱ्यासमोर बोलू लागली की चर्चा तिच्या चेहऱ्यावर, कपड्यांवर, हसण्यावर जाते. साक्षीपुरावा मागे पडतो. वगात हे चालून जायचं, कारण रंगमंचावरचा खुनी पहाटे रंग पुसून ट्रकमध्ये बसायचा आणि दुसऱ्या गावी पुन्हा खून करायचा. मालिकेतली माणसं खरी असतात, त्यांची मुलं, भावंडं हयात असतात, आणि कित्येकदा खटला संपलेला नसतो.

मत बनवू नका असं प्रेक्षकाला सांगणं व्यर्थ आहे, कारण दीडशे वर्षांत कुणी ते ऐकलेलं नाही. एवढं मात्र करता येईल: शेवटचा भाग संपल्यावर आरोपीबद्दल वाद घालण्याआधी, ज्याचा जीव गेला त्याच्याबद्दल या मालिकेने आपल्याला काय सांगितलं ते आठवून पाहावं. फारसं काही आठवलं नाही, तर ती मालिका अर्धाच खटला दाखवून गेली असं समजावं.