रक्ततपासणी, पशुवैद्यकीय

जनावराच्या रक्तातील पेशी, प्रथिने, एन्झाइमे, क्षार व परजीवी यांची तपासणी करून रोगनिदानाला आधार देणारी पद्धत. अहवालातील आकड्याचा अर्थ प्राण्याची प्रजाती, वय, लक्षणे आणि नमुना घेण्याची रीत पाहूनच लावावा लागतो.

संदर्भमर्यादा : त्या प्रजातीच्या सुमारे ९५ टक्के निरोगी प्राण्यांचे आकडे जिथे येतात, तो पट्टा. साहजिकच काही निरोगी प्राणीही या पट्ट्याबाहेर पडतात. रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण (पीसीव्ही) कुत्र्यात साधारण ३७ ते ५५, तर गायीत २४ ते ४६ असते. म्हणजे ३० हा आकडा गायीत चालतो; कुत्र्यात तो रक्तक्षय दाखवतो.

पांढऱ्या पेशी : जिवाणुसंसर्गात कुत्र्याच्या पांढऱ्या पेशी बहुधा वाढतात. गायीच्या अस्थिमज्जेत न्यूट्रोफिल पेशींचा साठा कमी असल्याने तीव्र कासदाहात त्या सुरुवातीला घटतात.

जीवरासायनिक घटक : एएलटी हे एन्झाइम कुत्र्या-मांजरांत यकृताची इजा दाखवते, गाय व घोडा यांत त्याचा उपयोग नाही, तिथे जीएलडीएच व जीजीटी पाहतात. उपाशी घोड्यात यकृत ठणठणीत असतानाही बिलिरुबिन वाढते. घाबरलेल्या मांजराची रक्तशर्करा वाढते, त्यामुळे एकाच नमुन्यावरून मधुमेह ठरवू नये.

रक्तकाच : गोचीडतापाच्या संशयात गायीच्या कानाच्या कडेचा थेंब काचपट्टीवर पसरून जिम्सा रंगाने रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींत थायलेरिया या परजीवीचे बारीक अंगठीसारखे ठिपके दिसतात. बऱ्या झालेल्या वाहक गायीतही असे तुरळक ठिपके सापडतात. म्हणून ताप, खांद्यापुढील लसीका ग्रंथींची सूज व रक्तक्षय यांचा मेळ बसला, तरच आजार थायलेरियामुळे आहे असे मानतात.

नमुन्यातील दोष : पोटॅशियमयुक्त ईडीटीएच्या नळीतले रक्त सीरमच्या नळीत मिसळले, तर पोटॅशियम खोटे वाढते आणि कॅल्शियम खोटे घटते. रक्त तसेच ठेवल्यास पेशी शर्करा वापरतात. ते टाळण्यासाठी फ्लोराइडची नळी वापरतात. दुग्धज्वराच्या संशयात नमुना कॅल्शियमचे सलाईन लावण्यापूर्वीच घ्यावा.

माणसांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या अहवालावर माणसांच्या मर्यादा छापलेल्या असू शकतात. शेळीच्या तांबड्या पेशी तर इतक्या लहान असतात की माणसाच्या रक्तासाठी लावलेले यंत्र त्या नीट मोजत नाही. अशा अहवालावरून पशुपालकाने परस्पर औषध देऊ नये. तो जनावर तपासलेल्या पशुवैद्यकाला दाखवावा.